खात्यावर मांड

प्रिय,

तुझ्या चित्रपटाच्या स्क्रिप्टची ११८ पानं वाचली. दोनदा. पहिल्यांदा नुसतीच, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. दुसऱ्या वेळी तुझ्यावर थोडी चिडले, म्हणून हे पत्र. फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मध्येच ‘पण काकू, तो तसाच आहे ना’ म्हणाला असतास. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही.

आधी आवडलेलं सांगते. प्रकाशन समारंभात तुझा लेखक स्वतःच्याच पुस्तकावरचं भाषण ऐकताना डुलक्या काढतो आणि टाळ्या पडल्यावर दचकून स्वतःच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवतो, तिथे मी घरात एकटी असून मोठ्यानं हसले. विनोद तुझ्या हातात आहे. तो शिकवता येत नाही, त्यामुळे त्याबद्दल जास्त बोलत नाही.

आता बाकीचं. तुझा लेखक पितो, कबूल केलेलं लिखाण देत नाही, एका बाईकडून दुसरीकडे जातो, स्वतःच्या जिवावर उठलाय, आणि तरी सगळ्यांना हवासा वाटतो. ठीक आहे, असे असतात. पण त्याची खोली तू कशी लिहिली आहेस? ‘खिडकीत रिकाम्या बाटल्या, त्यांतून येणारं कोवळं ऊन, जमिनीवर पसरलेले कागद.’ हा पसारा फारच देखणा आहे रे. मला पहिला प्रश्न पडला तो हा, की हे आवरतं कोण? ११८ पानांत एकदाही मोलकरीण येत नाही, दूधवाला येत नाही, भाडं मागायला कुणी येत नाही. पुण्यात! इथे दोन दिवस जिन्यातला दिवा चालू राहिला तर सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागते.

तू त्याला प्रभात रोडवर राहायला ठेवलंयस आणि पोटापाण्याला मराठी कादंबऱ्या दिल्या आहेस. जरा हिशोब कर. हजार प्रतींची आवृत्ती, किंमत ३०० रुपये, मानधन अगदी १५ टक्के धर. सगळ्या प्रती खपल्या तर ४५,००० रुपये. तेही एकदम नाही, आणि मागितल्याशिवाय नाही. म्हणजे त्याच्या घरात दुसरं कुणीतरी कमावतंय. कोण? बँकेत नोकरी करणारी बायको? मोठी बहीण? वडिलांनी ठेवलेला फ्लॅट? जे कुणी असेल, ते माणूस तुझ्या चित्रपटात नाही. आणि मला वाटतं, तुझा चित्रपट तिथेच आहे.

मी हे कुठून बोलते ते सांगते. तुला अर्धवट माहीत असेल, कुणीतरी सांगितलं असेलच.

बावीस वर्षांची असताना मी नारायण पेठेतल्या एका छापखान्यात प्रुफं वाचायचे. शिशाचे खिळे जुळवून छापायचा जमाना. दिवाळी अंकाचे दिवस, गणपती उठून गेलेले, सगळे फॉर्म छापून झालेले आणि एक अडलेला. कारण एका लेखकाच्या कथेची शेवटची सात पानं आली नव्हती. लेखक मोठा. नाव सांगत नाही, आणि तू अंदाज बांधत बसू नकोस, तुझ्या पिढीनं त्याला वाचलेलं नाही. कंपोझिटर हात बांधून बसलेले, मालकांनी मला पिटाळलं. सदाशिव पेठेतला वाडा, वरचा मजला. दार त्याच्या बायकोनं उघडलं. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, “ते घरात नाहीत. तुमचं काय राहिलंय?”

तिच्या हातात वही होती. दुधाचा हिशोब चालला होता की आणखी कसला, कोण जाणे. मी म्हटलं, “शेवटची सात पानं.”

ती आधी नुसती बघत राहिली. मग हसायला लागली. इतकी, की उंबऱ्यात बसली. तेवढ्यात आतून तो खोकला. म्हणजे घरातच होता. मग आम्ही दोघीही हसलो. तिनं चहा केला, सात पानं आतून आणून दिली, आणि मी जिना उतरताना वरून म्हणाली, “मालकांना सांगा, यांचे पैसे माझ्या हातात द्यायचे.”

तुझ्या ११८ पानांत इतकं मोठ्यानं हसणारी एकही बाई नाही. रडणाऱ्या चार आहेत, चिडणाऱ्या दोन, आणि एक त्याला समजून घेणारी. तिच्याकडे मी येणारच आहे.

पुढचं थोडक्यात. दोन वर्षांनी त्या वहीत माझंही नाव आलं असणार. तो बोलायचा छान आणि ऐकायचा त्याहून छान. हे तुझ्या स्क्रिप्टमध्ये नाही, घाल. बायकांच्या मागे लागणारी माणसं फक्त बोलून जिंकत नाहीत, ती ऐकतात. समोरच्या मुलीचं आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी इतकं मन लावून ऐकत असतं. मी एकदा त्याला सहज सांगितलं होतं, की आमच्या घरी भांडण झालं की आई तांदूळ निवडायला बसते, निवडलेलेच पुन्हा निवडते. पुढच्या दिवाळीला त्याच्या कथेची गॅली, म्हणजे कच्चं प्रूफ, माझ्या टेबलावर आली. तिसऱ्या परिच्छेदात कथेचा नायक मित्राला सांगत होता: आमच्या घरी भांडण झालं की आई तांदूळ निवडायला बसते, निवडलेलेच पुन्हा निवडते. कंपोझिटरनं ‘निवडलेलेच’मधल्या ‘नि’ला दीर्घ वेलांटी लावली होती. मी ती ऱ्हस्व केली आणि प्रूफ पुढे पाठवलं.

लेखक हा प्राणी पडद्यावर दाखवणं अवघड, हे तुझं रडगाणं मी ऐकलंय. टेबलाशी बसलेला माणूस, चुरगळलेले कागद, टपरीवरची सिगारेट, पहाटे वेताळ टेकडीवर एकटा. सगळं आधी पाहिलेलं. त्याचं लिहिणं दाखवूच नकोस. एका बाईनं पान २० वर सहज म्हटलेलं वाक्य पान ७० वर छापून आलेलं दाखव, आणि ते वाचताना तिला दाखव. ती वैशाली हॉटेलच्या रांगेत उभी असेल, मागचा कुणीतरी ‘पुढे सरका’ म्हणत असेल. ते वाक्य त्यानं तिच्यापेक्षा चांगलं लिहिलेलं असायला हवं, नाहीतर तो नुसता चोर. तुझ्या चित्रपटातली खरी अडचण तीच आहे, की तो चांगला लिहितो.

आता शब्दांबद्दल. ‘मनस्वी’ हा शब्द तुझ्या स्क्रिप्टमध्ये नऊ वेळा आलाय, ‘कलंदर’ चार वेळा, ‘अवलिया’ दोनदा. मी पेन्सिलीनं खुणा केल्या आहेत. माझा तो लेखक गेला तेव्हा शोकसभेत हे तिन्ही शब्द ऐकले. बोलणारे सगळे पुरुष. त्याची बायको दुसऱ्या रांगेत बसली होती. शेवटचे दोन महिने दवाखान्यात रात्री तिनं काढल्या होत्या, आणि तिच्यासाठी कुणाकडे एकही विशेषण नव्हतं. मराठीत हीच वागणूक बाईची असली तर आपण कोणते शब्द वापरतो ते तुला माहीत आहे, इथे लिहीत नाही. तुझ्या पात्रांनी खुशाल ‘मनस्वी’ म्हणावं. पण तू प्रसंगाच्या वर्णनात म्हणू नकोस. तू त्याचा वकील नाहीस.

वकिलावरून आठवलं. ‘एकच प्याला’ पुन्हा वाच, गाणी गाळून वाच हवं तर. सुधाकर वकील आहे, हुशार आहे, मानी आहे. कोर्टात अपमान होतो, सनद जाते आणि तळीराम पहिला पेला पुढे करतो. गडकऱ्यांनी काय केलंय बघ: हशा सगळा तळीरामाला आणि त्याच्या आर्य मदिरा मंडळाला, नाशाचं रडणं सगळं सुधाकरला. दोन माणसं वेगळी ठेवली. १९१९ पासून लोक त्या नाटकात हसतात आणि रडतात, पण वेगवेगळ्या ठिकाणी. तू दोन्ही एकाच माणसावर लादतोयस. नाश होणाराही तोच आणि हसवणाराही तोच. करू नको असं नाही, पण मग तो हसवत असताना प्रेक्षकाच्या हातून नाशाचा धागा सुटतो आणि तुझा दारुडा नुसता मजेशीर होतो. पान ४१ वर तो कोसळतो आणि पान ४३ वर नाचतोय. मधलं पान ४२ कुठे आहे? पान ४२ वर कुणीतरी फरशी पुसत असणार.

आणि सुधाकरची बायको सिंधू. ती दळण दळते, तो पितो, आणि शंभर वर्षं आपण तिला नमस्कार करतोय. तुझी ती समजून घेणारी नायिका म्हणजे जीन्स घातलेली सिंधू आहे. तिच्या प्रेमानं तो सुधारणार, कादंबरी पूर्ण होणार, अर्पणपत्रिकेत तिचं नाव. मला सांग, मंगळवारी दुपारी तीन वाजता ती काय करत असते? तुला माहीत नाही, कारण तो समोर नसताना ती तुझ्या स्क्रिप्टमध्ये अस्तित्वातच नाही. तिला एक नोकरी आहे म्हणतोस, पण ती सदोदित मोकळी! अशी नोकरी मला आयुष्यात मिळाली नाही.

तू फिल्म इन्स्टिट्यूटच्या ज्या आवारात रोज झाडाखाली चहा पीत बसतोस ना, तिथेच प्रभातच्या स्टुडिओत शांतारामबापूंनी १९३९ मध्ये ‘माणूस’ केला. प्रेमापायी पिऊन पिऊन मरणारा ‘देवदास’ तेव्हा देशभर गाजत होता, त्याला ते उत्तर होतं. नायक साधा पोलीस शिपाई. त्यात तेव्हाच्या सिनेमातल्या झाडाभोवतीच्या प्रेमाची यथेच्छ टिंगलही आहे. म्हणजे तुझ्या लेखकासारख्या माणसाशी भांडण त्याच जागेवर ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वी एकदा होऊन गेलंय. शेजारच्या फिल्म संग्रहालयात चौकशी कर, बघायला मिळतो का. परीक्षेसाठी नको, चोरायला म्हणून बघ.

विनोदासाठी मात्र तुला लांब जायला नको, गाव पुरेसं आहे. बाहेरख्याली माणसाला मुंबई परवडते, पुणे परवडत नाही. इथे नाटकाला भरत नाट्यला जे चेहरे, तेच सुदर्शनला, तेच टिळक स्मारकला. गुडलकमध्ये एकीबरोबर बनमस्का खाल्ला तर संध्याकाळपर्यंत दुसरीच्या आत्याला कळतं. तू मात्र सगळ्या भेटी योगायोगानं घडवल्यास. ‘ती अचानक समोर येते’ असं सहा वेळा लिहिलंयस. पुण्यात कुणी अचानक समोर येत नाही, ते असतातच. रविवारी सकाळी वैशालीत त्याच्या दोघी एकाच टेबलावर बसवल्या जाऊ दे, जागा नाही म्हणून, अनोळखी म्हणून. सांबार येईपर्यंत गप्पा सुरू होतील. देवलांचं ‘संशयकल्लोळ’ आठव: फाल्गुनराव संशयी आणि हास्यास्पद, पण त्याला प्रत्येक वेळी संशयाला काहीतरी कारण सापडतं, हातात तसबीरच येते. हवेतून काही येत नाही. तसं त्या दोघींच्या हातात काहीतरी दे. दोघींना त्यानं एकच पुस्तक भेट दिलंय, आत तोच मजकूर, फक्त तारीख वेगळी. आणि त्या भांडणार नाहीत. दोघी मिळून मजकुरातलं शुद्धलेखन तपासतील. (हे मी तुला फुकट देतेय.)

शेवट. तो पुणे स्टेशनवर हस्तलिखित घेऊन धावतो, ती डेक्कन क्वीनच्या दारात उभी, गाडी हलते, तिचा हात पुढे येतो. अरे, डेक्कन क्वीन सकाळी ७.१५ ला सुटते. ज्या माणसाला तू ११० पानं दहाच्या आत उठवलेलं नाहीस, तो सव्वासातला स्टेशनवर कसा? पोचू दे त्याला, पण दहाला. फलाट रिकामा, झाडू मारणारी बाई, चहाची टपरी. खिसे चाचपेल, पैसे नसतील. सवयीनं म्हणेल, ‘खात्यावर मांड.’ टपरीवाला त्याला ओळखत नाही. मग तो काय करतो, ते मला माहीत नाही, तू शोध. कदाचित हस्तलिखिताचं पहिलं पान टपरीवाल्याला वाचून दाखवेल. कदाचित चहा न पिता घरी जाईल, आणि दार कोण उघडतं ते आपल्याला दिसेल.

एवढं सगळं लगेच बदलू नकोस. आधी फक्त त्या हिशोब ठेवणाऱ्या माणसाची सात पानं लिही. संवाद कमी. ती लिहून झाली की ये. एरवी कधीही चालेल, गुरुवार सोड. गुरुवारी आमच्याकडे लाइट जातात आणि लिफ्ट बंद असते, आणि तुझी स्क्रिप्ट जिन्यात बसून ऐकायचं माझं वय राहिलेलं नाही.

तुझी,
काकू