न दिसणाऱ्या गोष्टीवर पाच-सहा वर्षं घालवायची का?

नागपूरच्या प्रतापनगरातून एका वडिलांचं पत्र आलंय. लहानपणी मुलीला रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात नेलं, तेव्हापासून तिला आकाशाचं वेड. आता एमएस्सी झाली, जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली आणि पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संशोधन केंद्रात डार्क एनर्जीवर, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढवणाऱ्या गूढ ऊर्जेवर, पीएचडी करायची म्हणते. ‘जे दिसतच नाही त्यात उमेदीची वर्षं घालवण्यापेक्षा बँकेची परीक्षा का देऊ नये?’ असं ते विचारतात.

नमस्कार,

तिला जाऊ द्या.

डार्क एनर्जी दिसत नाही, पण तिचा परिणाम मोजता येतो. 1998 मध्ये दूरचे सुपरनोव्हा (स्फोट होणारे तारे) अपेक्षेपेक्षा अंधूक आढळले, म्हणजे ते वाटलं त्याहून दूर होते, आणि त्यावरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतोय हे कळलं. 2011 चं नोबेल त्याच शोधाला मिळालं. विश्वात आपलं नेहमीचं द्रव्य जेमतेम 5 टक्के, डार्क मॅटर (न दिसणारं द्रव्य) सुमारे 27 आणि उरलेली सगळी डार्क एनर्जी. दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या ‘डेसी’ सर्वेक्षणाच्या 2024 आणि 2025 च्या निष्कर्षांवरून तर ती काळाबरोबर क्षीण होत असावी, अशी शंका आहे. अजून पक्कं काही नाही. ते पक्कं करायला किंवा खोडून काढायला तुमच्या मुलीसारखीच पोरं लागणार आहेत.

ती दुर्बिणीला डोळा लावून बसणार नाही. लाखो दीर्घिकांची ताम्रसृती (त्यांचा प्रकाश लाल रंगाकडे किती सरकलाय ते), वाटेतल्या धुळीने प्रकाश किती अडवला याचा हिशेब, पायथनमधला प्रोग्राम रात्रभर चालवायचा आणि सकाळी आलेख जुळला नाही तर चूक डेटात आहे की सिद्धांतात, हे हुडकायचं. हे जमणाऱ्या माणसाला पुढे डेटा सायन्समध्ये किंवा बँकेच्याच जोखीम विभागात काम मिळू शकतं.

जेआरएफचे महिना 37,000 रुपये, दोन वर्षांनी 42,000, घरभाडं वेगळं. तुमच्यावर भार नाही. खरी अडचण नंतरची आहे. दोन-तीन वर्षांच्या करारावर एक-दोन पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम), बऱ्याचदा परदेशात, आणि प्राध्यापकाच्या कायम जागा मोजक्याच. तिशी उलटली तरी नोकरी पक्की नसेल. त्या काळात घरात लग्नाचा विषय निघेल. त्यापायी तिला पोस्टडॉकचा अर्ज मागे घ्यायला लावू नका, ही कळकळीची विनंती.

गाइड ठरवण्याआधी तिने त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोलावं: पीएचडीला किती वर्षं लागली, पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागलं, पुढे कुठे गेले. ‘डेसी’चा पहिला डेटा मार्च 2025 पासून सर्वांना खुला आहे. प्रवेशापर्यंत घरच्या लॅपटॉपवर त्यातला थोडा घेऊन तिला काम करू द्या. बँकेचा फॉर्म सध्या राहू द्या.