शुगर असलेल्या आईचा खांदा आखडलाय, हा वातच का?

आईचा हात वेणी घालायला मागे जात नाही, पऱ्हाटीतून कापूस ओटीत टाकतानाही कळ निघते, असं तुम्ही लिहिलंय. मला हा वात कमी आणि ‘फ्रोझन शोल्डर’ (खांद्याचा सांधा आखडून हात हलेनासा होणं) जास्त वाटतो. शुगरवाल्यांना तो इतरांपेक्षा बराच जास्त होतो. वर्षानुवर्षं वाढलेली साखर कोलाजेनला चिकटते आणि सांध्याभोवतीचं आवरण ताठर होतं. बोटांचंही तसंच. आईला नमस्कारासारखे तळवे जोडायला सांगा. बोटं सपाट टेकत नसतील, मधे फट राहत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

ग्रामीण रुग्णालयात दाखवा, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करा. भिंतीवर बोटं चढवत हात वर नेण्याचा व्यायाम रोज, सोसेल तेवढाच. बरं व्हायला १ ते ३ वर्षंही लागतात. खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर काही दिवस शुगर चढते, तेव्हा तपासत राहा. मेडिकलवरून दुखण्याच्या गोळ्या आणून महिनोन्‌महिने देऊ नका, किडनीवर येतं. (आपल्याकडे हेच सर्रास चालतं.)

शुगर आहे म्हणून पायाकडेही लक्ष ठेवा. एक पाऊल अचानक सुजलं, लाल-गरम झालं आणि फारसं दुखत नसेल, तर मात्र मालिश नको, चालणं नको. त्याच दिवशी दवाखाना गाठा.