पुस्तक बाहेर पडल्यानंतर

‘प्रश्न वाचकांचे’ या सदरासाठी संपादकांनी या वेळी जी पत्रे माझ्याकडे पाठवली, ती बहुतेक ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली आहेत आणि त्यांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: कादंबरी छापून झाल्यावर वाचक जे बोलतात, त्याचे लेखकाने काय करायचे, आणि वाचकाने ते कसे बोलायचे. माझ्या दोन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या आहेत. त्या अनुभवाच्या बळावर जे सांगता येईल तेवढेच येथे सांगते.

माझी पहिली कादंबरी सहा महिन्यांपूर्वी प्रसिद्ध झाली. ओळखीच्या सर्वांनी कौतुक केले. पण एका संकेतस्थळावर एका अनोळखी वाचकाने तिला एकच तारा देऊन ‘पन्नास पानांपुढे जाववले नाही, नायिका सारखी रडते’ असे लिहिले. तेव्हापासून मी रोज रात्री तो मजकूर उघडून वाचते आणि माझ्या हातून नवे काही लिहून होत नाही. मी त्या वाचकाला उत्तर द्यावे का?
– एक लेखिका, ऐरोली

देऊ नये. परंतु एवढे सांगून तुमची झोप परत येणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून माझ्या बाबतीत काय घडले ते सांगते.

माझी पहिली कादंबरी वागळे इस्टेटमधल्या एका कामगार कुटुंबाची होती. प्रकाशन समारंभाला सभागृह भरले होते. अर्थात निम्मे लोक माहेरचे आणि निम्मे सासरचे. तिसऱ्या आठवड्यात पहिला अनोळखी अभिप्राय आला, त्यात दोन तारे होते आणि ‘वडिलांचे पात्र कागदी वाटते’ असे एक वाक्य होते. त्या रात्री मी चार पानी उत्तर लिहिले. तीन वर्षे किती जुन्या कामगारांना भेटले, किती वह्या भरल्या, बंद पडलेल्या कारखान्यांच्या फाटकांबाहेर किती दुपारी उभी राहिले, हे सगळे त्यात होते. ते पाठवण्यापूर्वी मी माझ्या बहिणीला वाचून दाखवले. तिने शांतपणे विचारले, “ताई, हे सगळे त्या माणसाला पुस्तकात का सापडले नाही?” मी ते उत्तर पाठवले नाही.

नंतर विचार करताना मला एक गोष्ट उमगली आणि तिने पुढची अनेक वर्षे मला सावरले. तो वाचक माझ्याशी बोलतच नव्हता. तो त्याच्यासारख्याच दुसऱ्या वाचकाशी बोलत होता, जो उद्या तीनशे रुपये आणि आपल्या आठ संध्याकाळी या पुस्तकासाठी खर्च करावेत की नाही, या विचारात आहे. गडकरी रंगायतनमध्ये मध्यंतराला लोक हातात बटाटावडा घेऊन नाटकाविषयी मोकळेपणाने बोलत असतात. त्यांच्यामध्ये नाटककाराने घुसावे आणि “तुम्हाला दुसरा प्रवेश कळला नाही” असे म्हणावे, हे जितके विचित्र, तितकेच लेखकाने परीक्षणाखाली उत्तर लिहिणे विचित्र आहे. तेथे लेखक आला की बाकीचे वाचक गप्प होतात, आणि ते गप्प झाले की त्यात पुस्तकाचेच नुकसान असते.

याउलट पत्र किंवा फोन येतो तो तुमच्यासाठीच येतो. त्याला उत्तर द्यायलाच हवे, मग त्यात कितीही कडू लिहिलेले असो. त्या दोन ताऱ्यांनंतर चार महिन्यांनी किसननगरमधून एका निवृत्त फिटरकाकांचा फोन आला. कादंबरी आवडल्याचे त्यांनी सांगितले, आणि मग जरा अडखळत म्हणाले, “पण बाई, तुमचा माणूस कामावरून घरी येतो आणि सरळ जेवायला बसतो. त्याचे हात कुठे आहेत? आम्ही आधी रॉकेल लावायचो, मग लाकडाचा भुसा चोळायचो, मग साबण. तरी नखांच्या कडेला काळे राहायचेच, आणि पोरगी म्हणायची, बाबा, तुमच्या हाताला वास येतो.” मी फोन ठेवला आणि बराच वेळ बसून राहिले. ‘कागदी’ म्हणणाऱ्या त्या अनोळखी वाचकाला जे खटकले होते, पण ज्याचे नाव त्याला सांगता आले नव्हते, ते या काकांनी मला नाव-गावासकट सांगितले होते. तीन वर्षांच्या माझ्या वह्यांत पगार, संप, टाळेबंदी सगळे होते; हात मात्र नव्हते.

म्हणून तुमच्या त्या वाक्याचे असे करा. ‘नायिका सारखी रडते’ हे एका वहीत तारीख घालून स्वतःच्या अक्षरात लिहा आणि ते पान पुन्हा उघडू नका. हीच गोष्ट एकमेकांना न ओळखणाऱ्या आणखी दोघांनी सांगितली, तर तो लेखनाचा प्रश्न आहे आणि पुढच्या पुस्तकात त्यावर काम करावे लागेल. कोणीच सांगितली नाही, तर ती एका माणसाची आवड होती आणि तिच्यावर त्याचा पूर्ण हक्क आहे. संकेतस्थळ उघडण्याचे काम घरातल्या कोणावर तरी सोपवा. माझ्या घरी ते माझी बहीण करते आणि महिन्यातून एकदा मला सांगण्याजोगे असेल तेवढेच सांगते. तुम्हाला झालेले दुःख खरे आहे. ज्यावर वर्षानुवर्षे जीव लावला त्याला कोणी एका ओळीत बाजूला सारले की ते होणारच. पण ते दुःख नव्या लेखनाच्या वहीपर्यंत येऊ देऊ नका.

मी एका परिचित लेखकाच्या कादंबरीला गुडरीड्स या पुस्तकांवरील अभिप्रायांच्या संकेतस्थळावर तीन तारे दिले आणि प्रामाणिक अभिप्राय लिहिला. तेव्हापासून ते ग्रंथालयात भेटले तरी मान वळवतात. माझे काही चुकले का?
– एक वाचक, घोडबंदर रस्ता

आपले काहीही चुकलेले नाही. गुडरीड्सवर ताऱ्यांचा अर्थ ठरलेला आहे: एक म्हणजे आवडले नाही, दोन म्हणजे ठीक, तीन म्हणजे आवडले, चार म्हणजे खूप आवडले आणि पाच म्हणजे अप्रतिम. म्हणजे आपण ‘आवडले’ असे सांगितले आणि त्यांनी शाळेच्या प्रगतिपुस्तकाप्रमाणे शंभरपैकी साठ असे वाचले. हा गैरसमज आपल्याकडे सर्रास आढळतो. पुढच्या भेटीत आपणहून बोलायला जाऊन, पुस्तकातील आवडलेला एखादा प्रसंग त्यांना तोंडी सांगा. परीक्षण वाचकांसाठी झाले, आता हे त्यांच्यासाठी.

आता वाचकांकडे माझीही एक मागणी आहे. पुस्तक किती पाने वाचले ते लिहावे, कोठे मन उडाले किंवा कोठे गुंतले ते नेमके लिहावे, आणि शेवट फोडू नये. माझ्या दुसऱ्या कादंबरीला एका विक्रीच्या संकेतस्थळावर एक तारा मिळाला, कारण पावसाळ्यात पार्सल भिजले आणि मुखपृष्ठाचा कोपरा दुमडला. तक्रार रास्त होती, पण ती विक्रेत्याकडे करायची होती. त्या एका ताऱ्यात कादंबरीतील एका शब्दाविषयीही काही नव्हते, तरी सरासरीत तो धरला गेलाच.

याच ओघात लेखकमित्रांनाही सांगते. पुस्तक आल्यावर नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात ‘सर्वांनी पाच तारे द्या’ असा निरोप टाकण्याची पद्धत पडू लागली आहे, ती मला मनापासून चुकीची वाटते. ॲमेझॉनच्या नियमांत लेखकाच्या जवळच्या नातेवाइकांनी आणि मित्रांनी अभिप्राय लिहिणे बसत नाही. भारतीय मानक ब्युरोनेही २०२२ साली ऑनलाइन ग्राहक अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक आणले आहे. ते ऐच्छिक असले तरी खोट्या अभिप्रायांना आळा घालणे हाच त्याचा हेतू आहे. पण नियम बाजूला ठेवले तरी, मामा-मावश्यांच्या पाच ताऱ्यांच्या ढिगाऱ्यात एखाद्या अनोळखी वाचकाचे खरे वाक्य गाडले गेले, तर आपल्या लेखनाचे काय चालले आहे हे आपल्याला कोण सांगणार?

नोकरीतून निवृत्त होऊन मी कादंबरी लिहितो आहे. प्रकाशनानंतर खप आणि उत्पन्न किती होते, आणि प्रकाशक प्रसिद्धी करतात का?
– एक वाचक, नेरूळ

माझा हिशेब सांगते. पहिली आवृत्ती ५०० प्रतींची, किंमत ३२० रुपये, मानधन छापील किमतीच्या दहा टक्के. म्हणजे एका प्रतीमागे ३२ रुपये आणि संपूर्ण आवृत्ती संपल्यावर १६,००० रुपये. ती संपायला अडीच वर्षे लागली. प्रकाशकांनी वृत्तपत्रांना अभिप्रायार्थ प्रती पाठवल्या, ग्रंथप्रदर्शनांत पुस्तक ठेवले आणि ग्रंथालयांपर्यंत पोहोचवले. याहून अधिक अपेक्षा त्यांच्याकडून करणे न्यायाचे होणार नाही. यांपैकी ग्रंथालयांची वाट हलकी समजू नका. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला, त्याच्या आधारे गावोगावची ग्रंथालये अनुदानावर चालतात, आणि मराठी कादंबरी जेथवर दुकान पोहोचत नाही तेथे ती त्यांच्याच कपाटातून पोहोचते.

करार लेखी करा. त्यात किती प्रती, किती वर्षांसाठी, आणि दरवर्षी हिशेब कोणत्या महिन्यात मिळणार हे स्पष्ट असू द्या. ई-पुस्तक आणि श्राव्य पुस्तक यांचे हक्क वेगळे नोंदवा. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, त्यामुळे आज घाईत केलेली सही नातवंडांपर्यंत जाते.

मनाची तयारी मात्र दुसऱ्याच गोष्टीची करायला हवी. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी काहीही घडत नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हार सुकतात, दूधवाला येतो, आणि ज्या पात्रांबरोबर आपण इतकी वर्षे राहिलो ती घरातून निघून गेलेली असतात. वाईट अभिप्रायापेक्षा ही शांतता मला अधिक जड गेली. पुढच्या कादंबरीची पहिली वीसेक पाने आधीच्या पुस्तकाच्या प्रकाशनापूर्वी लिहून ठेवावीत, एवढाच उपाय मला सापडला आहे.

माझ्या कादंबरीतील आत्या वाचून माझी खरी आत्या बोलेनाशी झाली आहे. टोपणनावाने लिहायला हवे होते का?
– एक लेखक, वाशी

टोपणनावाने घरातले लोक फसत नाहीत, आणि बाहेरच्यांची उत्सुकता उलट वाढते. १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला तेव्हा मोठे वादळ उठले, आणि या नावामागे कोण आहे याचा शोध हाही त्या वादळाचाच भाग झाला. त्या मालतीबाई बेडेकर होत्या हे आज सर्वांना ठाऊक आहे. आपल्या आत्या परीक्षक नव्हेत. त्यांचा अबोला हे आपल्याला आलेले पत्रच आहे, म्हणून त्याला उत्तर द्या. संदेश पाठवू नका, फोनही नको. त्यांच्या घरी जा आणि पात्रात त्यांचे काय घेतले आणि काय घेतले नाही ते खरे सांगा.

एका कादंबरीत तपशिलाची चूक आढळली. लेखकाला कळवावे की तो आगाऊपणा होईल?
– एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, कळवा

जरूर कळवा. १८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात मी अधूनमधून जाते. एकदा कपाटात माझीच पहिली कादंबरी दिसली. मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के बघावेत म्हणून उघडली, तर मध्येच एका पानाच्या समासात पेन्सिलीने बारीक, वळणदार अक्षरांत लिहिलेले होते: ‘१९९८ मध्ये ठाण्याहून वाशीला थेट लोकल नव्हती. ती २००४ ला सुरू झाली. याने कुर्ल्याला उतरून हार्बरची गाडी धरली असणार.’ माझा नायक १९९८ सालच्या प्रसंगात ठाणे स्थानकात वाशीच्या गाडीत खिडकीजवळ बसला होता. मुद्रितशोधन तीनदा झाले होते आणि ही चूक माझ्यासह कोणाच्याही लक्षात आली नव्हती.

ज्याने हे लिहिले त्याला माझ्या नायकाची काळजी होती, असे मला ते वाचताना वाटले. तो चुकीच्या गाडीत बसला तर वाशीला पोहोचणार कसा, अशी. दुसऱ्या आवृत्तीत तो कुर्ल्याला उतरतो, पूल चढतो आणि गर्दीत उभा राहून वाशीला जातो, आणि त्या उभ्या प्रवासामुळे पुढचा प्रसंगही मला थोडा बदलावा लागला, तो पूर्वीपेक्षा चांगला झाला. ग्रंथालयातली पहिल्या आवृत्तीची ती प्रत अजून तशीच आहे. पेन्सिलीची ओळ कोणी पुसू नये, अशी विनंती मी तेथील ग्रंथपालांना केली आहे.