सगळं इलेक्ट्रिक होत असताना कम्बशनमध्ये, म्हणजे ज्वलनशास्त्रात, पीएचडी करावी का?

मेकॅनिकलला तीस वर्षं शिकवलं, त्यातली बरीचशी बर्नरसमोर गेली, म्हणून उत्तर देतोय. "विषय संपत आलाय" हे मी स्वतः पीएचडीला नाव घातलं तेव्हाही ऐकलं होतं.

तुमची इलेक्ट्रिक गाडी चार्ज होते ती वीज येते कुठून? देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळशाची आहे. एकट्या चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. उद्या कोळसा गेला आणि हायड्रोजन आला, तरी तो जाळायचा कसा हा प्रश्न उरतोच. मिथेन-हवेच्या मिश्रणात ज्योत सेकंदाला साधारण ४० सेंटिमीटरने पुढे सरकते. हायड्रोजनमध्ये २ मीटरच्या वर. मिथेनच्या बर्नरमध्ये आम्ही थोडा थोडा हायड्रोजन वाढवत होतो. ज्योत आखूड झाली, नळीच्या तोंडाशी टेकली आणि 'फट्' करून आत शिरली. काचेची नळी गेली. सुदैवाने मधे ज्योत अडवणारी जाळी होती. पुढचे दोन महिने त्या 'फट्'च्या हिशोबातच गेले, आणि माझा पहिला बरा पेपर त्यातूनच निघाला.

या विषयातला माणूस एकाच इंधनाला बांधलेला राहत नाही. बेंगळुरूच्या आयआयएससीत (भारतीय विज्ञान संस्थेत) शिकवलेले प्रा. एच. एस. मुकुंदा बघा. मूळचे रॉकेट इंधनवाले. पुढे लाकूडफाट्याच्या गॅसिफायरवर (लाकडाचा जळाऊ गॅस करणाऱ्या यंत्रावर) आणि घरगुती चुलींवर काम केलं. त्यांच्या गटाची 'ऊर्जा' चूल बीपी कंपनीने बाजारात आणली, आपल्याकडेही बरीच खपली. मी एक आणून उघडलीच. टाकीत शेतातल्या टाकाऊ मालाचे पेलेट (दाबून केलेल्या कांड्या) भरायचे आणि पेटवायचं वरून! बायकोला हे पटायला वेळ लागला. छोटा पंखा खालून थोडीच हवा देतो, त्यात पेलेट धुमसून गॅस सोडतात. वरच्या भोकांतून आलेली हवा तो गॅस जाळते. धूर होतो तोच जळतो, त्यामुळे भांड्याचं बूड फारसं काळं होत नाही. पुढे पेलेट महागले आणि चुली माळ्यावर गेल्या. त्याला ज्वलनशास्त्राकडे उत्तर नाही.

नोकरीचं म्हणाल तर इंजिन कंपन्यांत भरती पूर्वीइतकी राहणार नाही, हे खरं. गॅस टर्बाइन, रॉकेट, सिमेंटच्या भट्ट्या, आगीपासून सुरक्षितता, यांत माणसं लागतात.

गाईड निवडताना लेझर कुठला आहे हे विचारू नका. त्यांच्या विद्यार्थ्यांना चहाला न्या आणि गेल्या वर्षी रिगवर, म्हणजे प्रयोगाच्या मांडणीवर, किती दिवस ज्योत पेटली ते विचारा. आमच्याकडे एका वर्षी अकरा दिवस पेटली होती. बाकीचं वर्ष कॉम्प्रेसरची दुरुस्ती आणि तीन-तीन कोटेशनं मागवण्यात गेलं.