बूट नंतर, आधी लायसन्सवर कोणत्या काउंटीचं नाव आहे ते बघ

तुझी पोस्ट काल रात्री वाचली आणि झोप लागेपर्यंत तीच डोक्यात होती. जानेवारीपासून १६ आठवड्यांचं फील्ड सेमिस्टर, केनियात लायकिपियाला, विषय पशुपालक कुटुंबं आणि कोरड्या दिवसांतलं पाणी. तिकीट काढून झालंय. विद्यापीठाच्या ऑफिसनं सांगितलंय की संशोधनाच्या परवानगीचं काम तिकडचं यजमान केंद्र बघेल, फॉर्मवर ठिकाण म्हणून केंद्राचा पत्ता टाकला की पुरे. आणि तुझा प्रश्न आहे की बूट कोणते घेऊ आणि सोलर चार्जर लागेल का.

बुटांचं शेवटी सांगते. आधी त्या पत्त्याचं बघू, कारण हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, २०२२ मध्ये मी ऐकलं होतं आणि त्यावर विश्वास ठेवून सप्टेंबरात विमानात बसले होते.

विमा, लसी, प्रबंधाच्या गाईडशी बोलणं, परत यायचं तिकीट हे सगळं तू केलं असशील असं धरते. परवानगीची साखळीही माहीत असेल: आधी केनियातल्या एखाद्या संस्थेचं अ‍ॅफिलिएशनचं पत्र, मग तिथल्या मान्यताप्राप्त एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) मंजुरी, मग नॅकोस्टीचं, म्हणजे केनियाच्या राष्ट्रीय विज्ञान आयोगाचं, संशोधनाचं लायसन्स. माझं अडलं ते यातल्या एका ओळीवर. लायसन्सवर छापलेलं असतं की अमुक व्यक्तीला अमुक विषयावर, अमुक काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), अमुक तारखेपर्यंत संशोधन करायला परवानगी आहे. त्यातली काउंटी ही शोभेची माहिती नसते. मागे अटी असतात. माझ्या लायसन्सवरची पहिलीच अट होती की हा परवाना प्रस्तावात दिलेल्या संशोधनापुरता, त्या ठिकाणापुरता आणि त्या मुदतीपुरता वैध आहे. मी पुढची बाजू वाचली, माझं नाव बरोबर आहे ना ते बघितलं आणि पीडीएफ बंद केली.

माझा विषय होता, गुरं कधी हलवायची आणि कुठे न्यायची हे घरात कोण ठरवतं. आता जरा डोळ्यांसमोर आण. २०२२ चा ऑक्टोबर. २०२० च्या अखेरीपासून पावसाचे सलग चार हंगाम कोरडे गेलेले आणि पाचवाही जाणार असं दिसत होतं. सांबुरू या पशुपालक समाजाच्या घरातली तरुण मुलं गुरं घेऊन चाऱ्यासाठी दक्षिणेला लायकिपियात उतरलेली. म्हातारी माणसं, बायका, लहान मुलं आणि थोड्या शेळ्या मागे, आर्चर्स पोस्ट गावाच्या आसपासच्या वस्त्यांवर. म्हणजे घर एक, पण गुरं लायकिपिया काउंटीत आणि निर्णय घेणारी आई किंवा आजोबा सांबुरू काउंटीत. मला दोन्ही बाजूंशी बोलायचं होतं, नाहीतर त्या प्रश्नाला काही अर्थच नव्हता. आणि माझ्या लायसन्सवर एकच शब्द होता, लायकिपिया. कारण केंद्र लायकिपियात होतं आणि ऑफिसनं सांगितलं होतं की केंद्राचा पत्ता पुरतो.

मी तीन आठवडे गुराख्यांच्या तळांवर काम केलं, मग दुभाष्याबरोबर उत्तरेला गेले आणि वस्त्यांवर ११ मुलाखती घेतल्या. त्यानंतर, म्हणजे उलट्या क्रमानं, तिथल्या चीफला भेटायला गेले. केनियात चीफ हा सरकारी अधिकारी असतो, आपल्या मनातला टोळीचा प्रमुख नव्हे. पत्र्याच्या छपराची एक खोली, टेबलावर रजिस्टर आणि शिक्का. त्यांनी चष्मा लावला, माझ्या लायसन्सवर बोट ठेवून एकेक शब्द मोठ्यानं वाचला. बोट 'लायकिपिया'वर थांबलं. त्यांनी वर बघितलं, परत खाली बघितलं आणि शांतपणे विचारलं, "यात सांबुरू कुठे आहे?" आवाज चढवला नाही, पैसे मागितले नाहीत. कागद होता त्याच घडीवर घडी करून मला परत दिला आणि म्हणाले, आधी हे दुरुस्त करून आण, मग मी स्वतः बराझा बोलावतो. (बराझा म्हणजे गावाची सभा. ती चीफनं बोलावली तर लोक मोकळेपणानं बोलतात.) त्यांचं काहीही चुकलं नव्हतं.

दुरुस्ती म्हणजे एक ईमेल असेल असं मला वाटलं होतं. ठिकाण वाढलं की एथिक्स कमिटीकडे आधी प्रस्तावातला बदल मंजूर करून घ्यावा लागतो. त्या कमिटीची बैठक आदल्याच आठवड्यात होऊन गेली होती. ती मंजुरी आल्यावर नॅकोस्टीच्या पोर्टलवर पुन्हा अर्ज. मग सांबुरूच्या काउंटी कमिशनरला आणि शिक्षण संचालकाला कळवणं, आणि ती कार्यालयं काउंटीच्या मुख्य गावी, मारालालला, आर्चर्स पोस्टहून वांबामार्गे मातीच्या रस्त्यानं अख्खा दिवस. सगळं धरून पाच आठवडे आणि चार दिवस गेले. १६ पैकी.

पण आठवडे गेले याचं मला आज तितकं वाटत नाही. त्या ११ मुलाखती गेल्या, याचं वाटतं. परवानगी नसताना घेतलेल्या म्हणून गाईडनं सगळ्या काढून टाकायला सांगितल्या. ते योग्यच होतं. त्यातली एक आजी होती. तिच्याकडची चार गुरं सोडून बाकी सगळी त्या वर्षभरात मेली होती. तिनं एकेका गाईचं नाव आणि रंग सांगितला, कुठली कुठल्या पाणवठ्याच्या वाटेवर बसली ती परत उठलीच नाही, हे बोटं मोजत सांगितलं. अर्धा दिवस बसली होती माझ्यासमोर. परवानगी आल्यावर मी परत गेले आणि तिला सांगितलं की ते मला वापरता येणार नाही, पुन्हा सांगशील का. ती म्हणाली, एकदा सांगितलंय. मी पुन्हा विचारलं नाही. माझ्या प्रबंधात ती कुठेही नाही.

आता त्या ऑफिसबद्दल. नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. मी आर्चर्स पोस्टहून मेल केला, त्याला नवव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं की स्थानिक परवानग्या यजमान संस्थेच्या अखत्यारीत येतात. यजमान केंद्र म्हणालं, फॉर्म तुम्ही भरलाय. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मधे मी. मला राग कशाचा येतो सांगू? माझ्या आधी त्याच ऑफिसमधून त्याच भागात विद्यार्थी गेले होते. त्यांची लायसन्सं एका फाईलमध्ये लावून ठेवली असती आणि पुढच्या मुलाला ती फाईल दहा मिनिटं वाचायला दिली असती, तर एवढं पुरलं असतं. सुरक्षेवरचं प्रेझेंटेशन मात्र आम्हाला दोनदा दाखवलं.

तर माझं स्पष्ट मत असं: ठिकाणाची ओळ ऑफिसला भरू देऊ नकोस. केंद्रालाही नको. समोर नकाशा घेऊन बस आणि लायकिपियाच्या हद्दी बघ, उत्तरेला सांबुरू, ईशान्येला इसिओलो. तू ज्यांच्याशी बोलणार त्या घरातलं कुठलंही माणूस त्या चार महिन्यांत कुठे असू शकेल ती प्रत्येक काउंटी लिही. आणि हे तुला नकाशावरून कळणार नाही, दुभाष्याकडून कळेल. म्हणून दुभाषी तिथे गेल्यावर शोधायचा असं सगळे सांगतात ते मला पटत नाही. अर्ज करण्याआधी शोध, फोनवर दोन तास बोल, त्या वेळेचेही पैसे दे. लोक सध्या कुठे आहेत आणि पाऊस नाही आला तर कुठे जातील, हे त्याला तोंडपाठ असतं. माझ्या दुभाष्याला मी हे पहिल्यांदा विचारलं ते चीफच्या खोलीतून बाहेर पडल्यावर. त्यानं लगेच सांगितलं, आणि म्हणाला की मला वाटलं तुला माहीत असेल.

काही जण म्हणतील की जास्त काउंट्या लिहिल्या की प्रत्येक ठिकाणी हजेरी लावावी लागते. लावावी लागतेच. २०१० च्या राज्यघटनेनं ४७ काउंट्या केल्या. प्रत्येकीत एक निवडून आलेला गव्हर्नर आणि एक केंद्र सरकारचा काउंटी कमिशनर असतो. माझ्या लायसन्सच्या अटीत हे दोघंही होते आणि शिवाय शिक्षण संचालक. ही तीन कार्यालयं वेगवेगळी आहेत, एकाला दिलेलं पत्र दुसऱ्याकडे आपोआप पोचत नाही. पत्राच्या चार प्रती ने, एकीवर पोच म्हणून शिक्का मारून घे आणि ती कायम पिशवीत ठेव. यात दोन-तीन दिवस जातात. माझे ३९ गेले.

अटींमध्ये आणखी दोन गोष्टी होत्या. नमुने गोळा करणं, चित्रीकरण, खोदकाम यांना त्या त्या सरकारी खात्याची वेगळी परवानगी लागते. आणि संशोधनाचं साहित्य देशाबाहेर नेण्याचा अधिकार या लायसन्सनं मिळत नाही. तू पाण्यावर काम करतेस किंवा करतोस, म्हणजे पाणवठ्याच्या पाण्याच्या बाटल्या भरून प्रयोगशाळेत न्यायचा मोह होणार. त्याचं आत्ताच विचारून घे. काम संपल्यावर वर्षभरात अहवाल द्यायचा असतो, तेही विसरू नकोस. तो दिला नाही तर तुझ्यानंतर येणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागते.

मी या क्षेत्रातली अधिकारी व्यक्ती नाही, एकदा अडकलेली विद्यार्थिनी आहे. नियम बदलतात, फॉर्म बदलतात. माझ्या वेळी ई-व्हिसा होता, २०२४ च्या जानेवारीपासून त्याजागी ईटीए, म्हणजे ऑनलाइन मिळणारी प्रवास-परवानगी, आलं. ते मात्र नीट बघ: ईटीएवर ९० दिवस राहता येतं आणि १६ आठवडे म्हणजे ११२ दिवस. मुदतवाढ घ्यायची की दुसरा पास काढायचा, हे इमिग्रेशनकडून लेखी विचार, ऑफिसकडून तोंडी नको.

लायसन्स जानेवारीपर्यंत आलं नाही तर? तिकीट पुढे ढकलता आलं तर ढकल. नाहीच जमलं तर जा, पण वही काढू नकोस. स्वाहिली शीक. वस्तीवर सांबुरू भाषा बोलतात, तिचे निदान नमस्कार-चमत्कार शीक. दुभाष्याबरोबर नुसतं फिर. 'अनौपचारिक गप्पा आहेत, त्या चालतात' असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. मीही त्या ११ मुलाखतींच्या आधी स्वतःला हेच सांगितलं होतं.

बाकी सुचेल तसं. स्वाहिलीत घड्याळ सकाळी सहाला सुरू होतं, म्हणून 'सा ताटू' म्हणजे शब्दशः तीन वाजता, पण आपले नऊ. वेळ ठरवताना उजाडल्यावर की उन्हं उतरल्यावर, हे विचारून घे. संमतीपत्रावर अंगठा मागितला की लोक दचकतात, जमिनीचे कागद असतील असं वाटतं. साक्षीदारासमोर तोंडी संमती हा पर्याय एथिक्सच्या अर्जातच मागून ठेव. मार्चपासून मोठा पाऊस अपेक्षित असतो, आणि लायकिपियाच्या पठारावर बऱ्याच ठिकाणी काळी चिकण माती आहे. एक सर पडली की गाडी जागची हलत नाही. लांबची घरं फेब्रुवारीत उरकून घे. सिमकार्ड पासपोर्टवर मिळतं, त्यावर एम-पेसा (मोबाईलवरून पैसे पाठवायची तिकडची सेवा) सुरू करून घे, दुभाष्याचे पैसे त्यावरच दे म्हणजे नोंदही राहते. प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे, सामान कापडी पिशव्यांत भर. यलो फीव्हरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घे, कार्ड त्यानंतरच वैध धरतात आणि भारतात परतताना ते मागतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांनाच विचार. एवढंच सांगते की लायकिपियातल्या नान्युकी गावाच्या थंड हवेत डास दिसले नाहीत म्हणून गोळ्या बंद करू नकोस, इसिओलोकडे उतरलं की हवा वेगळी असते. मुलाखतीच्या नोंदी त्याच रात्री टाईप कर. आणि हो, सोलर चार्जर ने, साधाच.

बूट जाड तळाचे. पातळ तळव्यातून बाभळीचे काटे सरळ आत येतात. नवे असतील तर आत्तापासून रोज घालून चाल.

अर्ज अजून पाठवला नसशील तर ठिकाणाच्या रकान्यात काय लिहिलंयस ते इथे टाक. पाठवला असेल तर आजच पोर्टल उघडून बघ आणि तो शब्द जसाच्या तसा लिही. मी रात्री दहानंतर असते, बघून सांगते.