नेटशिवाय चालणारा, फारसा कोणाले माहीत नसलेला स्पेस स्ट्रॅटेजी गेम कोणता?

भाऊ, गावात नेटचा भरवसा नाही म्हणून ऑफलाइन पाहिजे असन तं फ्रीओरायन टाक. फुकट आहे, ओपन सोर्स, अन् टर्नवाला (आळीपाळीनं चाल खेळाचा), म्हणजे रात्री ओलिताची लाईन आली की सेव्ह करून वावरात जाता येते. मले त्यातला सप्लाय (रसदीचा नियम) लय आवडते, जहाजं ठरलेल्या स्टारलेननंच (ताऱ्याताऱ्यांमधल्या वाटेनंच) जातात अन् आपल्या हद्दीबाहेर दर जंपले इंधन घटते, ते संपलं की ताफा तिथंच अडकला, म्हणून पयले आउटपोस्ट (बिनवस्तीची चौकी) टाकत हद्द वाढव, मंग हल्ला. सुरुवातीलेच एक ग्रह इन्फ्लुएन्सवर (राज्य सांभाळाले लागणारे पॉइंट कमावाच्या कामावर) ठेव, नाही तं वसाहती वाढल्या का हे पॉइंट मायनसमधे जातात अन् लोकं बिथरतात. जुन्या लॅपटॉपवर गॅलेक्सी लहानच घे, मोठीत मागून टर्न लय हळू होतात.