मधुमेह आहे, मग साखरेऐवजी कोल्हापुरी गूळ चालेल का?

नाही, चालणार नाही. आपल्याकडं गुऱ्हाळं दाराशी, त्यामुळं "गूळ औषधी" हे लहानपणापासून कानावर पडलेलं. माझ्या आईनं साखर सोडली आणि चहात सुपारीएवढा गुळाचा खडा टाकायला लागली, दिवसातनं चार वेळा. तीन महिन्यांनी एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी) 7.4 वरनं 8.6! दोन्ही उसाच्याच रसाचे. गुळात थोडी खनिजं जास्त, पण बहुतांश सुक्रोजच. काकवीचंही तेच.

त्यापेक्षा ताटाकडं बघा. तांबड्या-पांढऱ्या रश्शाबरोबर भात किती जातो, खरी गोम तिथं आहे. आमच्याकडं आता आधी काकडी-कांदा, मग एक भाकरी, भात शेवटी अर्धी वाटी. जेवण झालं की रंकाळ्यावर 15-20 मिनिटं चालणं. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात. गोळ्या मात्र मनानं बंद करू नका.

गूळ-साखर लागते ती एकाच प्रसंगी. इन्सुलिन किंवा काही गोळ्यांमुळं रक्तातली साखर 70 (mg/dL) च्या खाली आली, घाम फुटला, हात थरथरले, तर तीन चमचे साखर पाण्यातनं लगेच द्या आणि 15 मिनिटांनी परत तपासा. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. आईच्या पर्समध्ये ग्लुकोजची पुडी कायम असते.